पडद्यामागचं पिवळं प्लॅस्टिक

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आजचा विषय मोबाइलच्या पडद्यामागचं उष्णता सोसणारं प्लॅस्टिक. टेबलावर तीन वस्तू मांडल्यात. थंड पेयाच्या बाटलीची कापलेली पट्टी, राजारामपुरीतल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून आणलेलं पिवळट टेपचं रीळ आणि ३५० अंशांवर तापवलेली सोल्डरिंग आयर्न. मागच्यांना दिसणार नाही, म्हणून बोलत बोलत करतो. बाटलीच्या पट्टीला टोक टेकवलं. बघा, टोक नीट लागायच्या आधीच पट्टी आकसली, वळली, आणि हे पडलं भोक. आता टेप. टोक दाबून धरलंय. धूर नाही, टेपला सुरकुती नाही. पाठीमागचा सिलिकॉनचा गोंद जरा कुरकुरतोय, त्याची सहनशक्ती फिल्मपेक्षा कमी असते. फिल्म मात्र जशीच्या तशी.

दुरुस्तीवाली पोरं याला हीट टेप म्हणतात. हॉट एअर मारताना शेजारचे पार्ट उडू नयेत म्हणून झाकायला वापरतात. ही फिल्म पॉलिइमाइडची. ड्यूपाँट कंपनीनं १९६० च्या दशकात 'कॅप्टन' (Kapton) या नावानं ती बाजारात आणली. बाटली आहे पेट नावाच्या प्लॅस्टिकची. पेट साधारण ७० ते ८० अंशांनाच मऊ पडायला लागतं आणि २५० ते २६० अंशांना वितळतं. पॉलिइमाइडची ही फिल्म मऊ पडायला ३६० च्या पुढे जावं लागतं, आणि वितळत तर ती नाहीच. अति तापवली की थेट जळून कोळसा होते.

मोबाइलच्या पडद्यात याच जातीची फिल्म असते. आता सरळ प्रश्न असा की मोबाइलला एवढा ताप हवाय कुणाला? गेम खेळून फोन तापला की हाताला चटका लागतो, पण पन्नाशीच्या आसपासच घोटाळतो. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलात तर आणखी थोडा वर जाईल. चारशे अंश तुमच्या-आमच्या खिशात कधीच येत नाहीत. पडद्याची खरी अग्निपरीक्षा तो तुमच्या हातात यायच्या आधी होते, कारखान्यात. माझं आजचं सगळं बोलणं या एका मुद्द्यावर आहे. उष्णतारोधक प्लॅस्टिक वापरासाठी कमी आणि जन्मासाठी जास्त लागतं.

कोल्हापूरकरांना हे समजायला जड जाऊ नये. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्रीत शेल कोअर, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी राखणारे वाळूचे गाभे, बनवतात ना, त्या वाळूला फिनॉलिक रेझिनचा लेप असतो. बेकलँड या रसायनशास्त्रज्ञानं १९०७ मध्ये ज्या बेकेलाइट प्लॅस्टिकचं पेटंट मागितलं, त्याच घराण्यातलं हे रेझिन. त्या कोअरभोवती बिडाचा रस ओततात तो १,३५० ते १,४०० अंशांचा. रेझिन काही तेवढं टिकत नाही, जळतंच. पण रस गोठेपर्यंत त्यानं आकार धरून ठेवला की त्याचं काम झालं. उलट गोठल्यावर ते जळून वाळू मोकळी झालेलीच बरी, नाहीतर कास्टिंगच्या पोटातून कोअर काढणार कसा? म्हणजे एखादा पॉलिमर उष्णता सोसतो असं कुणी म्हणालं की लगेच विचारायचं, किती तापमान, किती वेळ आणि तेवढ्या वेळात त्यानं नेमकं काय सांभाळायचं? फौंड्रीत आकार सांभाळायचा, मिनिटभर. पडद्यात काय सांभाळायचं, ते बघू.

पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यामागे ट्रान्झिस्टर असतात, पातळ सिलिकॉनचे. चांगल्या फोनच्या ओएलईडी पडद्यात, म्हणजे ज्याचा ठिपका स्वतःच उजळतो अशा पडद्यात, जे सिलिकॉन वापरतात, त्याला एलटीपीएस म्हणतात. त्यातली पहिली दोन अक्षरं 'लो टेम्परेचर'ची. हे 'कमी' तापमान किती, तर ४५० अंशांच्या आसपास! (हशा) चिपवाल्यांच्या हजार अंशांच्या मानानं कमी, एवढाच त्याचा अर्थ.

पडदा सपाट होता तोवर अडचण नव्हती. ट्रान्झिस्टर काचेवर घडवायचे, काच ४५० अंशांना ढिम्म. पण २०१३ मध्ये सॅमसंग आणि एलजी यांनी वळणदार फोन आणले आणि काचेची जागा प्लॅस्टिकनं घेतली. पुढं २०१७ च्या आयफोन टेनमध्ये पडद्याचं खालचं टोक चक्क मागे दुमडून आत घातलं, म्हणून खालची जाड पट्टी गेली. हे काचेवर जमलं नसतं. प्रश्न उरला तो ४५० अंश सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा. पेट बाद. त्याचा थोरला भाऊ पेन, तोही १२० अंशांना मऊ पडायला लागतो, म्हणून बाद. शेवटी गाडी पॉलिइमाइडवरच येऊन थांबते.

आणि इथं एक मेख आहे. नुसतं न वितळणं पुरत नाही. कागदावर गणित करू. टेपमधल्या या साध्या पॉलिइमाइडचा प्रसरण गुणांक, म्हणजे एका अंशानं तापवल्यावर ते किती वाढतं तो आकडा, अंशाला दहा लाखात २०. पडदा घडवताना फिल्म काचेवरच असते, काच शेवटी काढतात, म्हणून काचेचाही आकडा बघायचा. तो तीन ते चार. ३०० मिलिमीटरचा तुकडा ४०० अंशांनी तापवला तर फिल्म वाढू पाहते २.४ मिलिमीटर आणि काच जेमतेम ०.४. फरक दोन मिलिमीटरचा. इंचाला ४०० ठिपके असलेल्या पडद्यात एक ठिपका साधारण ६३ मायक्रॉनचा, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे फरक झाला तीसेक ठिपक्यांचा. फिल्म काचेला घट्ट चिकटलेली असल्यामुळे तिला प्रत्यक्षात एवढं सरकता येत नाही, पण मग तो सगळा ताण काचेवर येतो आणि काच बाक घेते. त्यावर पुढचा थर पहिल्या थराशी जुळवून छापायचा कसा? ट्रान्झिस्टर एका थरात होत नाही, एकावर एक असे कितीतरी थर, आणि प्रत्येक आधीच्यावर नेमका बसायला हवा.

म्हणून पडद्यासाठीचं पॉलिइमाइड वेगळं घडवतात. रेणूची साखळी ताठ, काठीसारखी ठेवतात. बीपीडीए आणि पीपीडी या दोन घटकांची जोडी त्यासाठी प्रसिद्ध आहे. जपानच्या उबे कंपनीची युपिलेक्स-एस ही फिल्म याच जोडीची. पातळ थरात या काठ्या पृष्ठभागाला समांतर आडव्या पडतात आणि प्रसरण जवळजवळ काचेइतकं खाली आणता येतं. माझ्या मते या सगळ्या धंद्यातली खरी कारागिरी ही आहे. तापमानाचा आकडा जाहिरातीत मोठ्ठा छापतात, प्रसरणाचा आकडा डेटाशीटच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात असतो. खरेदी करणाऱ्यानं आधी तिसरं पान उघडावं.

ही फिल्म बनते कशी? तयार पॉलिइमाइड कशातच नीट विरघळत नाही, वितळत तर नाहीच. मग पसरायचं कसं? त्यावरची युक्ती सुंदर आहे. त्याच्या आधीची अवस्था, पॉलिअ‍ॅमिक आम्ल, हे द्रावकात विरघळतं. ते दिसायला आणि वाहायला थेट आपल्या काकवीसारखं. काकवी चुलवाणावर आटवली की पाणी जातं आणि गूळ होतो, तसंच इथंही तापवताना पाणी बाहेर पडतं. फरक एवढाच की गुळातलं पाणी नुसतं मिसळलेलं असतं आणि इथलं पाणी रेणूच्या अंगातून सुटतं, साखळीत कडी बंद होते, आणि झालेला माल पुन्हा पाण्यात टाकून परत काही मिळत नाही. काचेवर हे द्रावण सारखं पसरवतात, हळूहळू ४५० अंशांपर्यंत तापवतात. घाई केली तर पाणी आणि द्रावक आतल्या आत फुटून फुगे येतात. शेवटी काचेवर दहा मायक्रॉनच्या आसपासची फिल्म उरते. तिच्यावर ट्रान्झिस्टर, त्यांच्यावर ओएलईडी, असं सगळं उभं करायचं. मग काचेच्या खालून ३०८ नॅनोमीटरचा अतिनील लेसर फिरवायचा. काच त्याला जाऊ देते, पॉलिइमाइडचा अगदी तळचा थर तो शोषून घेतो आणि काच सुटते. वर राहतो तो लवचीक पडदा.

आता रंगाचं बोलू. ही पिवळी फिल्म तुम्ही टीव्हीवर पाहिलीय. चांद्रयान-३ चा विक्रम लँडर सोन्यानं मढवल्यासारखा दिसतो ना, ते सोनं नव्हे, अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेलं पॉलिइमाइड. मागचं अ‍ॅल्युमिनियम चकाकतं आणि वरची पिवळी फिल्म त्याला सोनेरी करते. हा रंग अशुद्धीमुळे येत नाही. साखळीतला एक घटक इलेक्ट्रॉन द्यायला उत्सुक असतो, दुसरा घ्यायला. साखळ्या एकमेकींना खेटून बसल्या की ही देवघेव होते आणि त्यात निळा प्रकाश शोषला जातो. उरतो पिवळा. गंमत अशी की हे खेटून बसणंच उष्णता सोसण्याच्याही मुळाशी आहे. म्हणजे रंग घालवायचा तर साखळ्या एकमेकींपासून दूर कराव्या लागतात. फ्लोरिनचे जाडजूड गट अडकवायचे, साखळीला वाकडं वळण द्यायचं. फिल्म काचेसारखी स्वच्छ होते, पण प्रसरण वाढतं, ताप सोसण्याची ताकद घटते आणि किंमत चढते.

ओएलईडीच्या तळाशी असलेली फिल्म पिवळी असली तरी चालतं, कारण प्रकाश वरच्या बाजूनं निघतो, तळ कुणाला दिसतो? भांडण आहे ते वरच्या आवरणाचं. घडीच्या फोनला वरचं आवरणही दुमडणारं हवं आणि ते बिनरंगीच हवं. २०१९ च्या गॅलेक्सी फोल्डवर असं बिनरंगी पॉलिइमाइड होतं. त्याच्यावरची संरक्षक फिल्म काही समीक्षकांनी साधा स्क्रीनगार्ड समजून सोलून काढली, पडदे गेले, आणि एप्रिलमध्ये येणारा फोन सप्टेंबरवर गेला. पुढच्याच वर्षी झेड फ्लिपमध्ये ३० मायक्रॉनची काच आली. काच इतकी पातळ की दुमडते, पण तिच्यावरही शेवटी प्लॅस्टिकचा थर द्यावाच लागतो. पडद्याखाली कॅमेरा लपवायचा म्हटलं तर तळाच्या फिल्मचा पिवळेपणाही आडवा येतो, कारण मग प्रकाश तिच्यातून आत जायला हवा.

त्याच २०१९ च्या जुलैत जपाननं दक्षिण कोरियाला जाणाऱ्या, चिप आणि पडदे बनवायला लागणाऱ्या तीन मालांवर निर्यातबंधनं कडक केली. फोटोरेझिस्ट, हायड्रोजन फ्लोराइड आणि तिसरा फ्लोरिनयुक्त पॉलिइमाइड. दोन देशांचं जुनं राजकीय दुखणं होतं आणि चिमटा काढला कुठं, तर फिल्मच्या रिळावर. ती बंधनं २०२३ च्या मार्चमध्ये उठली.

जुन्या एलसीडीतही पॉलिइमाइड होतंच, फक्त शंभर नॅनोमीटरच्या आसपासचा थर. त्यावर मखमली कापड गुंडाळलेला रूळ एकाच दिशेनं फिरवतात. द्रवस्फटिकाचे (लिक्विड क्रिस्टलचे) रेणू त्या दिशेनं रांगेत बसतात. एवढ्या सूक्ष्म उद्योगात कापडानं घासणं अजून चालतं, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं.

आता इथल्या दुरुस्तीवाल्यांच्या कामाचं. कॉम्बो, म्हणजे पडदा आणि टच यांचा जोड, बदलताना जी पिवळी-तपकिरी स्ट्रिप हाताळता, ती तांबं आणि पॉलिइमाइड यांची. युरोपात १ जुलै २००६ पासून शिशाच्या सोल्डरवर बंदी आली आणि जगभर सोल्डरचं गणित बदललं. जुनं कथील-शिसं १८३ अंशांना वितळायचं, नवं बिनशिशाचं २१७ ते २२० ला. भट्टी २४५-२५० पर्यंत न्यावी लागते. पॉलिइमाइडला ते किरकोळ. पण त्याची एक खोड आहे, ते पाणी पितं. पाण्यात दिवसभर बुडवलं तर वजनाच्या पावणेतीन टक्क्यांपर्यंत. आपल्याकडचा जून-जुलै म्हणजे हवाच ओली. अशी ओली स्ट्रिप एकदम २५० ला नेली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि थर फुगून सुटतात. मग पोरं म्हणतात, माल डुप्लिकेट होता! माल बहुतेक वेळा चांगला असतो, ओला असतो. सोल्डर करायच्या आधी स्ट्रिप १२० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये सुकवून घ्यावी, आणि सुकवल्यावर उघडी ठेवून चहाला जाऊ नये.

शेवटी एका उद्योजकांनी चिठ्ठी पाठवलीय, "हे कोल्हापुरात बनेल का?" फिल्म ओतण्याचा कारखाना म्हणाल तर मी घाई करू नका म्हणेन. धूळविरहित खोल्या, द्रावक परत मिळवायची यंत्रणा, आणि वर्षानुवर्षांचा हात बसलेले मोजकेच उत्पादक समोर. पण रिळं आणून डायनं, म्हणजे कापायच्या साच्यानं, तुकडे कापणं, मोटारीच्या वाइंडिंगसाठी इन्सुलेशन तयार करणं, लवचीक सर्किटवर पार्ट बसवणं, ही कामं इथल्या हाताला जमण्यासारखी आहेत. डाय बनवणारे आपल्याकडे आहेतच. पंचवीस मायक्रॉनची फिल्म कापताना कडेला बारीक चीर राहिली तर ती पुढं तिथूनच फाटते. तेव्हा सुरुवात डायच्या धारेपासून करा, आणि पहिला ऑर्डर घ्यायच्या आधी कापलेली कड सूक्ष्मदर्शकाखाली बघायची सोय करा. आणखी प्रश्न असतील तर इथंच थांबतो मी, टेप हातात घेऊन बघायचा असेल त्यांनीही या. आयर्न अजून गरम आहे, तेवढी जपून.