तिकीट वाटायला चला
(टेक्ससमधल्या मराठी महिलांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित)

प्रायमरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जिल्हा परिषदेची शाळा येते. इथली प्रायमरी म्हणजे तिकीटवाटप. आपल्याकडे ते बंद दाराआड ठरतं आणि ज्याचं तिकीट कापलं जातं तो रातोरात पक्ष बदलतो. टेक्ससमध्ये सम वर्षी मार्चच्या पहिल्या मंगळवारी हे वाटप साधे मतदार करतात. आणि मतदारसंघ एकाच पक्षाचा बालेकिल्ला असेल, तर खरा निकाल इथेच लागतो; फक्त नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत मतदानाला जाणं म्हणजे लग्न लागून गेल्यावर अक्षता घेऊन पोहोचणं.

हे टेक्ससच्या बायकांना शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. १९१८ साली इथे डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय कुणी निवडून येत नसे. बायकांना पूर्ण मताधिकार द्यायचा तर राज्यघटना बदलायला हवी, म्हणजे विधिमंडळात दोन तृतीयांश मतं आणि वर पुरुष मतदारांचा कौल. प्रायमरी मात्र साध्या कायद्याने चाले, तिथे साधं बहुमत पुरे. बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या पुढारी मिनी फिशर कनिंगहॅम या बाईंनी नेमकी ही फट हेरली. महाभियोगाने पदावरून गेलेले जेम्स फर्ग्युसन पुन्हा गव्हर्नरपदासाठी उभे होते आणि विद्यमान गव्हर्नर विल्यम हॉबी यांना मतांची चणचण होती. बाईंचा सौदा सरळ होता: आम्हाला प्रायमरीत मताचा हक्क द्या, आम्ही मतं तुम्हाला देतो. (मंडळाच्या निवडणुकीत यापेक्षा अवघड सौदे होतात, हसू नका.)

२६ मार्चला हॉबींनी तशा कायद्यावर सही केली, पण तो लागू झाला २६ जूनला आणि नोंदणी १२ जुलैला बंद. सतरा दिवस! टेक्ससचा उन्हाळा, अंगभर कपडे, काउंटीच्या (म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या) कोर्टाबाहेर रांगा. त्या सतरा दिवसांत सुमारे ३,८६,००० बायकांनी नावं नोंदवली. हॉबी जिंकले. शिवाय ॲनी वेब ब्लँटन ही शिक्षिका राज्याची शिक्षणप्रमुख म्हणून तिकीट मिळवून गेली आणि नोव्हेंबरात निवडूनही आली. राज्यव्यापी पदावर निवडून आलेली टेक्ससची पहिली बाई.

पुढची गंमत आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी ऐकावी अशी. मे १९१९ मध्ये पूर्ण मताधिकाराचा प्रश्न मतदानाला आला, आणि त्याच प्रस्तावात नागरिक नसलेल्यांचा मताधिकार काढायचं कलमही जोडलेलं होतं. म्हणजे नागरिक नसलेल्या पुरुषांना त्यावर मत देता येत होतं, इथे जन्मलेल्या बायकांना नाही. प्रस्ताव पडला. न पडून सांगतो कुणाला?

कडू बाजूही सांगते. १९१८ मध्ये अनेक ठिकाणी काळ्या बायकांना नोंदणीच्या दारातून परत पाठवलं. पुढे ‘प्रायमरी हा पक्षाचा घरचा मामला’ या सबबीखाली काळ्या मतदारांना बाहेरच ठेवलं गेलं. ते थांबलं १९४४ साली, ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ सुप्रीम कोर्टात जिंकले तेव्हा. दार इतकं घट्ट धरून ठेवलं होतं, यावरूनच आत काय होतं ते ओळखा.

घड्याळ दाखवलं जातंय. ‘तयारी कशी करायची’ हा जाहीर केलेला विषय होता, तो आता भराभर.

आधी हे: ग्रीनकार्डवाल्यांनी नोंदणीच्या फॉर्मवर सही करायची नाही, कुणी कितीही प्रेमाने पुढे केला तरी. इमिग्रेशनच्या कामात ते फार महागात पडतं. नागरिक असाल तर मतदानाच्या ३० दिवस आधी नोंदणी हवी. वेबसाइटवर फॉर्म भरला की झालं असं समजू नका, तो छापून, सही करून काउंटीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे मतदारनोंदणी अधिकाऱ्याकडे, पोहोचवावा लागतो.

आपल्या बायकांचं घोडं नावात अडतं. पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे, लायसन्सवर ते गायब, मतदारयादीत माहेरचं आडनाव. नावं मिळतीजुळती असली तर केंद्रावर एका चौकटीत आद्याक्षरं लिहून काम होतं. आडनावच वेगळं असेल तर आधीच रजिस्ट्रारला कळवा. ओळखपत्र म्हणून पिस्तुलाचा परवाना चालतो, लेकीचं कॉलेजचं कार्ड चालत नाही.

६५ पुरलेल्यांना टपालाने मत देता येतं, पण अर्ज दरवर्षी नवा, त्यावर कोणत्या पक्षाची प्रायमरी ते लिहायचं, आणि तो ११ दिवस आधी पोहोचलेला हवा. लायसन्सचा किंवा सोशल सिक्युरिटीचा क्रमांक अर्जावर आणि पाकिटावरही लागतो, आणि तो नोंदणीतल्याशी जुळायला हवा. मार्च २०२२ मध्ये टपालाची २४,००० हून जास्त मतं बाद झाली, बहुतेक या क्रमांकापायी.

इथे पक्षाची नोंदणी नसते, केंद्रावर एकाची मतपत्रिका मागायची. ती लांबलचक असते, इथे न्यायाधीशही निवडून येतात, ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत त्यांचीच रांग असते. नमुना मतपत्रिका घरी वाचून वाण्याच्या यादीसारखी कागदावर उतरवा, कारण मतदानयंत्रापासून १०० फुटांच्या आत फोन वापरता येत नाही.

कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत तर मे महिन्यात रनऑफ, म्हणजे पहिल्या दोघांत पुन्हा लढत. मार्चमध्ये ज्या पक्षाची मतपत्रिका घेतली त्याच पक्षाच्या रनऑफला जायचं. मार्चमध्ये गेलाच नसाल तर दोन्हींपैकी कोणत्याही एकाच्या. बाकीचे प्रश्न चहा घेता घेता.