पुरुमेंताबरोबर एक पिशवी

मंडळी, मे महिना सरत आला. घराघरांत पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, धांदल चालू आहे. सुकी मासळी, सोलां, मिरच्या, खडेमीठ. पावसाळा घरात बसून कसा काढायचा, हे आपल्या आया-बहिणींना कोणी शिकवायला नको. पण पूर आला आणि त्याच घरातून रात्री दहा मिनिटांत बाहेर पडावं लागलं तर? ती तयारी आपल्याकडे फारशी दिसत नाही, आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते.

2021 साल आठवा. मे महिन्याच्या मध्याला तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं. झाडं वीजतारांवर कोसळली आणि गावंच्या गावं अंधारात बसली. मग 23 जुलैला सत्तरी, डिचोली, फोंड्यात पूर. 1982 नंतर एवढं पाणी आलं नव्हतं, असं तेव्हा सरकारनेच सांगितलं. मातीच्या भिंतींची कितीतरी घरं बसली.

आपल्याकडे पाणी झपाट्याने चढतं, कारण घाट जवळ आहे. चोर्ला घाटाकडे कोसळलेला पाऊस काही तासांत वाळवंटी नदीत उतरतो. पुढे मांडवीला भरती असेल तर त्याला वाट मिळत नाही, ते मागे तुंबतं. अंजुणे धरणातून पाणी सोडलं तर आणखी भर. म्हणून पावसाचा इशारा आला की भरती किती वाजता, तेही विचारून ठेवा.

आता पिशवी. शाळेचं जुनं दप्तरही चालेल. आत एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आणि घर-जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याची प्रत. नुकसानभरपाईच्या अर्जाला हेच कागद मागतात. आठवडाभराच्या गोळ्या आणि त्यांची चिठ्ठी, कारण भिजलेल्या डोक्याने गोळीचं नाव आठवत नाही. सुटे पैसे, बॅटरी, जास्तीचा चष्मा. आणि महत्त्वाचे फोन नंबर कागदावर लिहून, 112 सुद्धा. मोबाईल बंद पडला की स्वतःच्या मुलाचा नंबरही अनेकांना सांगता येत नाही. इन्सुलिन फ्रिजमध्येच राहू दे, पण ते घ्यायची आठवण म्हणून पिशवीवर चिठ्ठी चिकटवा.

सगळ्यात अवघड काम सामानाचं नाही, माणसांचं आहे. प्रत्येक वाड्यावर एखादी आजी असतेच: “माझा देव इथे, माझी गाय इथे, मी कुठे येत नाही.” तिच्याशी पुराच्या रात्री वाद घालू नका. आजच तिच्याजवळ बसा. देव्हाऱ्यातली मूर्ती कोण उचलणार, गाईचं दावं कोण सोडणार, तिला हात धरून कोण नेणार, हे तिच्यासमोर नावानिशी ठरवा. मग ती येते. दावणीला बांधलेलं जनावर जागीच बुडतं, तेव्हा तिची काळजी खोटी नसते.

निघताना मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. मात्र स्विचपाशी पाणी पोचलं असेल तर हात लावू नका. वाहत्या पाण्यात दुचाकी घालू नका. गुडघ्याएवढ्या पाण्यातही माणूस वाहून जातो. परतल्यावर विहिरीचं पाणी उकळल्याशिवाय नको.

राहिला प्रश्न, निघायचं कधी? हे ज्याने त्याने ठरवलं तर उशीर होतो. वाड्याची एक खूण हवी: पाणी नदीच्या घाटाच्या अमुक पायरीला लागलं की खालची घरं निघाली, अंधार असो की उजेड. ती पायरी कोणती, हे ज्यांनी 82 चा पूर पाहिला त्यांनी दाखवावं. सभा संपली की आपण सगळे नदीवर जाऊ. मी रंगाचा डबा आणला आहे.