आयकॉनवरचा आकडा कोण लिहितो?

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, कार्यवाह आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय ‘फोनमधली अनोळखी सिस्टीम ॲप्स : कोणती ठेवावीत, कोणती काढावीत’ असा छापला आहे आणि त्या विषयाकडे मी येणार आहेच. परंतु त्याआधी मला एका अशा ॲपची बाजू मांडायची आहे, ज्याच्यावर गेली कित्येक वर्षे विनाकारण संशय घेतला जातो. त्याचे नाव बॅजप्रोव्हायडर. सॅमसंगच्या फोनमध्ये सेटिंग्जमधून ॲप्सच्या यादीत जावे आणि वरच्या फिल्टरच्या चिन्हावर बोट ठेवून सिस्टीम ॲप्स दाखवण्याचा पर्याय सुरू करावा, म्हणजे एवढा वेळ ओळखीची वाटणारी यादी एकाएकी लांबच लांब होते आणि ‘बी’ अक्षराच्या आसपास हे नाव सापडते. त्याला उघडण्याचे बटण नाही, स्वतःचा पडदा नाही, होम स्क्रीनवर आयकॉन नाही. त्याचे पूर्ण नाव, म्हणजे पॅकेजनाव, ‘कॉम डॉट सेक डॉट अँड्रॉइड डॉट प्रोव्हायडर डॉट बॅज’ असे असून त्यातले ‘सेक’ म्हणजे कंपनीच्या नावाची आद्याक्षरे. होम स्क्रीनवरच्या इतर आयकॉनांच्या कोपऱ्यात जो लाल-नारिंगी आकडा, म्हणजे बॅज, दिसतो, त्याची नोंद ठेवणे एवढेच त्याचे काम.

ज्यांच्या फोनवर या क्षणी असा एकही आकडा नाही, त्यांनी कृपया हात वर करावा. एक हात दिसतो आहे. आपल्याकडे बटणांचा फोन आहे, साहेब. तो हात मोजता येणार नाही.

माझे एक मेव्हणे आहेत. सारी हयात महसूल खात्यात गेल्यामुळे कोणतीही यादी समोर आली की ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यांनी नव्या फोनमधली ॲप्सची यादी अशीच वाचून काढली आणि रात्री जेवणे उरकत असताना मला फोन केला : ‘भाऊजी, फोनमध्ये कोणीतरी बसलंय. मी बसवलेलं नाही, उघडत नाही, काढता येत नाही, आणि मला न विचारता कायम चालू असतं.’ मी विचारले, नाव काय? त्यांनी एकेक अक्षर लावून बॅजप्रोव्हायडर असे वाचले आणि लगेच पुढे सांगितले की, एका व्हिडिओत हे हेरगिरीचे ॲप असल्याचे म्हटले असून ते काढण्याची रीतही दाखवली आहे. मी त्यांना समजावून सांगेपर्यंत त्यांच्या पुतण्याने फोन लॅपटॉपला जोडून कामाला सुरुवात केलेली होती. घरात एक संगणक शिकलेला मुलगा असला की तज्ज्ञाचा सल्ला नेहमीच उशिरा पोहोचतो, हा माझा व्यवसायातला अनुभव आहे.

पुतण्याने दिलेली आज्ञा आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. ‘पीएम अनइन्स्टॉल’ लिहायचे, ‘युजर शून्य’ लिहायचे आणि पुढे त्या ॲपचे पूर्ण नाव. पडद्यावर ‘सक्सेस’ असे उमटते आणि करणाऱ्याला शत्रू ठार झाल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात मूळ ॲप फोनच्या सिस्टीमच्या भागात जसेच्या तसे राहते. ते फक्त त्या वापरकर्त्यापुरते दूर होते आणि फोन फॅक्टरी रीसेट केला की पुन्हा हजर होते. आठवड्याभरात मेव्हण्यांचा दुसरा फोन आला. आता तक्रार अशी होती की, व्हॉट्सॲपवर किती निरोप आले ते बाहेरून कळत नाही, भाचीच्या साखरपुड्याची तारीख बदलल्याचे त्यामुळे वाचायचे राहिले आणि आकडे कोणी चोरले याचा तपास लागत नाही. ‘तुम्हीच चोरले,’ असे बायकोच्या भावाला सांगण्याइतका मी धीट नाही. सिस्टीममध्ये असलेले ॲप वापरकर्त्यासाठी परत बसवण्याची एक आज्ञा असते, ती मी पुतण्याला कळवली. आकडे परत आले, आणि मेव्हण्यांनी त्याचे श्रेय पुतण्याला दिले.

ही हकीकत मी लांबवली, कारण तिच्यात माझा आजचा मुख्य मुद्दा आहे. मेव्हण्यांची समजूत अशी होती, आणि बहुतेकांची असते, की फोनच्या आत कोणीतरी आपले निरोप वाचत बसले आहे आणि वाचून मोजत आहे. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. बॅजप्रोव्हायडर काहीही वाचत नाही आणि काहीही मोजत नाही. त्याच्याजवळ एक तक्ता असतो. त्यात ॲपचे नाव, त्या ॲपचा कोणता पडदा उघडायचा त्याचे नाव आणि एक आकडा हेच काय ते कामाचे रकाने. ॲप स्वतः येऊन आपल्या ओळीत ‘१२’ लिहिते, होम स्क्रीन तो तक्ता पाहते आणि आयकॉनवर १२ रंगवते. बारा निरोप खरोखर आले आहेत की नाही, हे या व्यवहारात कोणीही तपासत नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकरी आपल्या शेतातल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपमधून स्वतःच करतो, हे मेव्हण्यांना चांगले ठाऊक होते, म्हणून मी त्यांना सांगितले की हे तसेच आहे. त्यांनी क्षणभर विचार करून उत्तर दिले, ‘पण तिथे पिकाचा फोटो लागतो.’ खरे आहे. इथे फोटोसुद्धा लागत नाही.

तेव्हा आयकॉनवरचा आकडा हा त्या ॲपने स्वतःविषयी केलेला दावा असतो. फोन तो फक्त रंगवून दाखवतो. मला हे वाक्य गावोगावी सांगत फिरावेसे वाटते, आणि आपण मला बोलावले म्हणून ते इथे सांगतो आहे.

आता थोडा इतिहास. अँड्रॉइडमध्ये बराच काळ अशा आकड्यांची अधिकृत सोयच नव्हती. आयफोनवर ते दिसत होते, गिऱ्हाईक मागत होते, म्हणून प्रत्येक फोन कंपनीने आपापली रीत काढली. सॅमसंगने तक्ता ठेवला, सोनीने आपल्या होम स्क्रीनला एक विशिष्ट संदेश पाठवण्याची पद्धत घातली, एचटीसीची पद्धत तिसरी आणि हुआवेची चौथी. ॲप बनवणाऱ्या बिचाऱ्याला या सगळ्या रीती सांभाळाव्या लागत. मग कोणीतरी शॉर्टकटबॅजर नावाची मुक्त स्रोताची लायब्ररी, म्हणजे कोणालाही आपल्या ॲपमध्ये घालता येईल असा तयार कोड, लिहिली, जी फोन कोणाचा आहे ते ओळखून त्या-त्या रीतीने आकडा लिहीत असे, आणि असंख्य ॲप्सनी ती उचलली. आपण एखाद्या ॲपच्या परवानग्यांची संपूर्ण यादी काढून पाहिलीत, तर सॅमसंगच्या फोनवरसुद्धा सोनी, एचटीसी आणि हुआवे यांच्या नावाच्या परवानग्या त्यात आढळतात आणि माणूस हादरतो. त्यांचा अर्थ एवढाच की, हे ॲप कुठल्याही कंपनीच्या फोनवर आपला आकडा चिकटवायला तयार आहे.

या व्यवस्थेतून भुताचा आकडा जन्माला आला. वरच्या पट्टीतली सूचना आणि तक्त्यातला आकडा ही दोन स्वतंत्र दप्तरे होती. आपण पट्टीतली सूचना बोटाने बाजूला सारली, तरी ॲपने तक्त्यात शून्य लिहिले नाही, तर आयकॉनवर ३ तसाच राही. आत जाऊन पाहावे तर काहीही नाही. मग लोक फोन बंद करून सुरू करत, ॲप काढून पुन्हा घालत, आणि शेवटी कोणीतरी बॅजप्रोव्हायडरच्या स्टोरेजमध्ये जाऊन डेटा पुसण्याचा उपाय सांगत असे. तो लागू पडे, कारण तक्ताच कोरा होई. परंतु चूक शून्य न लिहिणाऱ्याची आणि शिव्या तक्ता ठेवणाऱ्याला, हा अन्याय तेव्हापासून चालत आला आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये अँड्रॉइड ८, म्हणजे ओरिओ, आले आणि गूगलने प्रथमच अधिकृत ठिपका दिला. हा ठिपका पट्टीतल्या सूचनेला बांधलेला असतो. सूचना असेल तोवर ठिपका, सूचना सारली की ठिपका गेला. म्हणजे तिथे पत्र न वाचताही ठिपका जातो, तर आयफोनच्या मेलवरचा आकडा पत्र वाचेपर्यंत हलत नाही. दोन फोन वापरणारी मंडळी यावरून वाद घालतात आणि दोघांचेही बरोबर असते. सॅमसंगसारख्या कंपन्यांनी ठिपका हवा की आकडा हवा, हे सेटिंग्जमध्ये आपल्यावर सोडले. मात्र दावा करण्याची वाट ओरिओनंतरही बंद झाली नाही. एरवी प्रत्येक सूचना एक धरली जाते. पण ॲपला वाटले, तर एकाच सूचनेवर ‘ही पंचवीस धरा’ असे लिहून देता येते.

आयफोनधारकांनी गालात हसण्याचे कारण नाही. २००९ साली ॲपलने बाहेरच्या ॲप्ससाठी पुश सूचनांची सेवा सुरू केली, तेव्हा एका सूचनेचा सगळा मजकूर २५६ बाइटांत बसवावा लागे आणि तेवढ्या जागेतही ‘बॅज’ नावाचा एक रकाना होता. कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरने त्यात ७ लिहिले की आयकॉनवर ७, शून्य लिहिले की आकडा नाहीसा. आजही सूचनेबरोबर आलेल्या आकड्याची बेरीज-वजाबाकी फोन करत नाही.

आता माझे गाऱ्हाणे, आणि ते मी थोडक्यात सांगणार होतो. एका खरेदीच्या ॲपवर, नाव घेत नाही, कायम १ असतो. मी काही मागवलेले नसते, काही परत करायचे नसते, कोणी मला काही विचारलेले नसते. आत गेल्यावर वरच्या घंटेवर पुन्हा १, घंटा दाबली की तीन कप्पे, तिसऱ्या कप्प्यात ‘ऑफर’, आणि तिथे पावसाळ्यात रेनकोटावर आणि उन्हाळ्यात पंख्यावर सूट. ती पाहिली की १ जातो आणि सकाळी चहाच्या वेळेला परत येतो. मुलीच्या शाळेतल्या निरोपाचा १ आणि रेनकोटाचा १ यांचा रंग एक, आकार एक, जागा एक. ज्या खुणेने तातडी सांगायची, ती खूण जाहिरातीला देऊन टाकल्यावर खरी तातडी कोणत्या रंगात रंगवणार? माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आकडा दिसला की तो घालवल्याशिवाय झोपत नाहीत, आणि त्यांच्या पत्नीच्या मेलवर चार आकडी संख्या आहे व त्या सुखाने झोपतात. त्या आज सभागृहात आहेत, म्हणून अधिक बोलत नाही.

या दुखण्यावर औषध मात्र आहे. ओरिओपासून प्रत्येक ॲपला आपल्या सूचना वेगवेगळ्या वर्गांत विभागून द्याव्या लागतात आणि प्रत्येक वर्गाचा बॅज स्वतंत्रपणे बंद करता येतो. आयकॉन दाबून धरावा, माहितीच्या चिन्हातून सूचनांच्या सेटिंग्जमध्ये जावे, ‘ऑफर’ किंवा ‘प्रमोशन’ अशा नावाचा वर्ग बंद करावा आणि व्यवहाराचा वर्ग चालू ठेवावा. काही फोनवर हे वर्ग दिसण्यासाठी सेटिंग्जमध्ये आणखी एक खटका सुरू करावा लागतो. आणि लबाड ॲप्स सगळ्या सूचना ‘सामान्य’ या एकाच वर्गात कोंबतात. त्यांच्यापुढे बॅज पूर्ण बंद करण्याखेरीज इलाज नाही.

कार्यवाहांनी चिठ्ठी पाठवली आहे. पाच मिनिटे उरली आहेत आणि पत्रिकेवरचा विषय अजून व्हायचा आहे, तेव्हा भराभर सांगतो.

पहिली गोष्ट. सिस्टीम ॲप अनोळखी आहे एवढ्या कारणाने काढू नये. ॲपच्या माहितीच्या पानावर ‘अनइन्स्टॉल’ हे बटण चालू असेल, तर ते बहुधा नंतर आलेले आहे आणि त्याची चौकशी करावी. तिथे केवळ ‘डिसेबल’ असेल किंवा तेही पुसट असेल, तर ते बहुधा फोनबरोबर आलेले आहे. नावावर विसंबू नये, कारण ‘सिस्टीम सर्व्हिस’ असे दिसणारे नाव कोणालाही घेता येते. मात्र फोनमध्ये असलेल्या ॲपचे पूर्ण पॅकेजनाव दुसऱ्या कोणाला घेऊन शेजारी बसता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बॅजप्रोव्हायडरला आपला केवळ आकडा कळतो. परंतु सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन ॲक्सेस’ नावाची एक परवानगी आहे, ती अँड्रॉइड ४.३ पासून, म्हणजे २०१३ पासून, अस्तित्वात आहे, आणि ती ज्या ॲपला मिळते त्याला प्रत्येक सूचनेचा संपूर्ण मजकूर वाचता येतो. बँकेचा ओटीपी सूचनेत आला, तर तोही. होम स्क्रीन बदलणारी ॲप्स बॅज दाखवण्यासाठी हीच परवानगी मागतात आणि त्यांचे मागणे रास्त असू शकते. बॅटरी वाचवणारे किंवा वॉलपेपर बदलणारे ॲप ती मागू लागले, तर त्याला काय काम, हे विचारावे. अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरबाहेरून आणलेल्या ॲपला ही परवानगी सहजासहजी देता येत नाही, अँड्रॉइड १५ मध्ये ओटीपीचा मजकूर अशा बहुतेक ॲप्सपासून झाकला जातो; पण आपल्यापैकी अनेकांचे फोन त्याहून जुने आहेत.

तिसरी गोष्ट ‘ॲक्सेसिबिलिटी’ या परवानगीची. ती मिळालेले ॲप पडद्यावरचे वाचू शकते आणि आपल्या वतीने बटणे दाबू शकते. आरटीओचे चलन आले आहे असे सांगून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे ॲप बसवणारी फाइल, येते, ती उघडली की अशाच परवानग्यांची आणि एसएमएस वाचण्याची मागणी सुरू होते. ती फाइल उघडूच नये; उघडली गेली असेल, तर फोन विमान मोडवर टाकून दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

कार्यवाह उभे राहिले आहेत. नोटिफिकेशन ॲक्सेसचे पान सापडत नसेल, तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत त्याच नावाने शोधावे, आलेल्या यादीतले प्रत्येक नाव वाचावे आणि ज्याचे कारण सांगता येत नाही त्याचे बटण बंद करावे. मेव्हण्यांच्या यादीत मला एक टॉर्चचे ॲप सापडले.