राज्य गेलं, पण घरचा कायदा नाही गेला: प्रशियाच्या प्रिन्स लुई फर्डिनांडची गोष्ट

9 नोव्हेंबर 1918. बर्लिनच्या रस्त्यांवर कामगार आणि सैनिक उतरलेत, चान्सेलरने कैसरच्या, म्हणजे जर्मनीचा सम्राट आणि प्रशियाचा राजा त्याच्या, होकाराची वाट न बघता परस्परच जाहीर करून टाकलंय की विल्हेल्म दुसरा याने गादी सोडली, आणि नेमका त्याच दिवशी कैसरचा नातू लुई फर्डिनांड अकरा वर्षांचा होतोय. जन्मला तेव्हा गादीसाठी याचा तिसरा नंबर होता, आधी वडील, मग मोठा भाऊ विल्हेल्म, मग हा.

आजोबा दुसऱ्याच दिवशी ट्रेनने हॉलंडला गेले, ते परत आलेच नाहीत. तिथल्या डोर्न गावातल्या बंगल्यात लाकडं फोडत बसायचे, आणि सामान म्हणाल तर जर्मनीतून रेल्वेचे 59 डबे भरून मागवलेलं. वडील म्हणजे क्राउन प्रिन्स, ते हॉलंडच्याच एका बेटावर पाच वर्षं अडकले, तिथल्या लोहाराकडे जाऊन घोड्यांचे नाल ठोकायचे. मुलं मात्र आई सेसिलीबरोबर जर्मनीतच राहिली. 1919 च्या संविधानाने सरदार-राजघराण्यांचे विशेष हक्क काढून घेतले, 'प्रिन्स' हा आडनावाचा भाग झाला, बाकी कायद्यापुढे सगळे सारखे.

आता हा लुई फर्डिनांड मला का आवडतो सांगतो. अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि सरळ अमेरिकेला गेला, डेट्रॉइटला फोर्डच्या कारखान्यात कामाला. कैसरचा नातू कामगारांच्या बरोबरीने मोटारी बनवतोय! हेन्री फोर्डशी ओळख झाली, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या रूझवेल्टशी तर चांगली दोस्ती जमली. हा माणूस तिकडेच रमला असता असं मला मनापासून वाटतं.

पण 1933 साली मोठ्या भावाने डोरोथिया नावाच्या मुलीशी लग्न केलं. मुलगी तशी चांगल्या खानदानातली, पण राजघराण्यातली नाही, आणि होहेनझोलर्न, म्हणजे याच राजघराण्याचा, नियम असा की लग्न बरोबरीच्या घरातच व्हायला पाहिजे, नाहीतर वारसाहक्क सोडायचा. राज्य जाऊन पंधरा वर्षं झाली होती, कसलं सिंहासन न कसलं काय, तरी भावाला हक्क सोडावा लागला. मग धाकट्याला अमेरिकेतून बोलावून घेतलं, कारण आता वारस तो.

तो आला, लुफ्तान्सा या विमान कंपनीत नोकरीला लागला आणि 1938 च्या मे महिन्यात त्याने किराशी लग्न केलं. किरा रशियाच्या झारच्या घराण्यातली, म्हणजे तिचंही राज्य गेलेलंच. लग्न दोनदा लागलं, एकदा पोट्सडामच्या सेसिलिएनहोफ राजवाड्यात ऑर्थोडॉक्स पद्धतीने आणि दोन दिवसांनी डोर्नला आजोबांच्या समोर.

हक्क सोडलेल्या त्या मोठ्या भावाचं पुढे काय झालं तेही ऐका. 1940 मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर तो जखमी झाला आणि गेला, वय 33. पोट्सडामला अंत्ययात्रेला जवळपास 50,000 लोक जमले, कोणी बोलावलेलं नसताना. हिटलरला हे अजिबात रुचलं नाही, राजघराण्यातल्या पोरांना आघाडीवर पाठवायचं नाही असा हुकूमच निघाला. लुई फर्डिनांडचे हिटलरविरोधी लोकांशी संबंध होते, 20 जुलै 1944 चा हिटलरला मारायचा कट फसल्यावर गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याचीही चौकशी केली, पण तो सुटला. इथे एक गोष्ट झाकून चालणार नाही. याच्याच वडिलांनी 1932 च्या निवडणुकीत हिटलरला उघड पाठिंबा दिला होता, एकाच घरात ही दोन टोकं.

1945 ला रशियन सैन्य आलं आणि पूर्वेकडची इस्टेट सोडून पळावं लागलं. ज्या सेसिलिएनहोफमध्ये लग्न लागलं होतं तिथे त्या जुलैमध्ये स्टालिन, ट्रूमन आणि चर्चिल बैठकीला बसले. अंगणात सोव्हिएत लोकांनी लाल फुलांचा भलामोठा तारा लावला, स्क्रीनवर बघा, आजही तो तिथे राखलाय.

युद्धानंतर कुटुंब ब्रेमेनजवळ स्थायिक झालं. सात मुलं, घरात संगीत, हा स्वतः गाण्यांना चाली लावायचा. 1951 साली वडील गेले आणि घराण्याचा कर्ता हा झाला. आणि इथे मला त्याचा खरंच राग येतो. ज्या नियमाने सख्ख्या भावाचा हक्क गेला तोच नियम याने आपल्या मुलांना लावला! 1960 च्या दशकात मोठ्या दोन्ही मुलांनी राजघराण्याबाहेर लग्नं केली आणि दोघांनी वारसाहक्क सोडला. राहिला तिसरा, बापाच्याच नावाचा लुई फर्डिनांड. त्याने नियमात बसणारं लग्न केलं, 1976 मध्ये मुलगा झाला, गेऑर्ग फ्रीडरिश. आणि वर्षभरात लष्करी सरावात अपघात होऊन हा तिसरा मुलगा जबर जखमी झाला, 11 जुलै 1977 ला गेला. बायको पुन्हा गरोदर होती, मुलगी बापाच्या मागे जन्मली.

म्हातारा आजोबा आणि एक वर्षाचा नातू, घराण्याची सगळी भिस्त या पोरावर.

9 नोव्हेंबर 1989, लुई फर्डिनांडचा 82 वा वाढदिवस, त्या रात्री बर्लिनची भिंत उघडली. पोट्सडामचा रस्ता मोकळा झाला आणि 1991 च्या ऑगस्टमध्ये प्रशियाचा जुना राजा फ्रेडरिक द ग्रेट याची शवपेटी होहेनझोलर्नच्या किल्ल्यातून पोट्सडामच्या सांसूसी राजवाड्यात आणून मध्यरात्री पुरली. राजाने स्वतः तशी इच्छा लिहून ठेवली होती, ती पूर्ण व्हायला 205 वर्षं लागली.

1994 मध्ये लुई फर्डिनांड गेला. नातू 18 वर्षांचा, आणि लगेच कोर्टकचेरी सुरू. काकांचं म्हणणं सरळ होतं, 1938 च्या वारसाकरारातली लग्नाची अट आजच्या जमान्यात चालेलच कशी? 2004 मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने सांगितलं की लग्नाच्या स्वातंत्र्याचा खालच्या कोर्टांनी पुरेसा विचारच केलेला नाही. तरी शेवटी वारस नातूच ठरला, आणि कायद्याने जो किमान हिस्सा मिळतो तेवढ्यावर काकांची बोळवण झाली. सोव्हिएत काळात गेलेल्या मालमत्तेसाठी सरकारशीही दावे चालले, तिथे प्रश्न पणजोबांचा होता, म्हणजे क्राउन प्रिन्सने नाझींना किती हातभार लावला, कारण ज्याने मोठा हातभार लावला त्याच्या वारसांना भरपाई नाही असा कायदाच आहे. इतिहासकार वर्षानुवर्षं त्यावर भांडले, आणि 2023 च्या मार्चमध्ये गेऑर्ग फ्रीडरिशने ते दावे मागे घेतले.