उंबरा ओलांडायचा प्रवेश

नमस्कार श्रोतेहो. जत्रांचे दिवस आले की आपल्याकडे देवळापुढे मांडव उभे राहतात आणि गावचीच मंडळी रात्र रात्र नाटकं करतात. त्यात एक प्रवेश हमखास टाळी घेतो. घरातली सून नाहीतर धाकटा मुलगा ‘आता माझं मी ठरवणार’ म्हणून उभा राहतो, तो. टाळी पडते खरी, पण माझ्या मते प्रवेश पुष्कळदा तिथेच पडतो. नवऱ्याला सुनवायचं वाक्य नटी त्याच्याकडे पाठ करून, टांगलेल्या माईकखाली येऊन आपल्याला सुनावते. आपण बिचाऱ्यांनी काय केलेलं असतं!

या सगळ्या नायिकांची थोरली जाऊ म्हणजे नॉर्वेचा नाटककार इब्सेन याची नोरा. ‘अ डॉल्स हाउस’ १८७९ साली कोपनहेगनला रंगमंचावर आलं. शेवटी नोरा घर सोडते आणि दार लागल्याचा आवाज येतो, हे नाटकवाल्यांना पाठ असतं. त्याआधीचं बघा. नाचाचा पोशाख उतरवून ती रोजच्या कपड्यांत येते. नवऱ्याला टेबलाशी बसवते. आठ वर्षांच्या संसारात आपण कधी गंभीरपणे बोललोच नाही, असं त्याला सांगते. त्याची अंगठी परत करते, आपली मागून घेते. दार वाजतं तेव्हा तिचा निर्णय होऊन बराच वेळ झालेला असतो. जर्मनीत एका नटीला मुलं टाकून जाणारी आई मानवेना. तेव्हा नोरा मुलांच्या खोलीच्या दाराशीच कोसळते, असा दुसरा शेवट इब्सेनला नाइलाजाने लिहून द्यावा लागला. हा नाटकावरचा अत्याचार आहे, असं तो स्वतःच म्हणाला.

मराठीत ही हवा आणणाऱ्यांत आपल्या गोव्यातल्या बांदिवड्याच्या गायिका-नटी ज्योत्स्ना भोळे होत्या. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ आलं, तेव्हा स्त्रीपार्ट पुरुषांनी करायची रीत मागे पडली नव्हती. त्या नाटकात ज्योत्स्नाबाई उभ्या राहिल्या. ते बेतलं होतं नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावर. मूळ नाटकातली मुलगी होणाऱ्या नवऱ्याचं पूर्वायुष्य कळताच हातमोजा त्याच्या तोंडावर फेकते. पुढे १९४२ च्या ‘कुलवधू’त ज्योत्स्नाबाईच नायिका भानुमती झाल्या. गाणी अजून आपल्या ओठांवर आहेत, भानुमतीच्या गोष्टीची आठवण मात्र कुणी काढत नाही.

तेंडुलकरांच्या बेणारेला तर ऐकणाराच मिळत नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या शेवटी भोवतालचे सगळे थिजून जातात आणि ती बोलते. ते भाषण माईकला दिलेलं चालतं, कारण समोर कुणी उरलेलंच नसतं. नोराचं तसं नाही. तिच्यापुढे माणूस बसलेला असतो, आणि त्याला तिचं म्हणणं हळूहळू उमगतं ते आपल्याला दिसायला हवं.

म्हणून यंदा असा प्रवेश बसवत असाल, तर तालीम नवऱ्यापासून सुरू करा. त्याला खलनायक करू नका. मिशीला पीळ नको, गडगडाटी हसू नको. बायको चेष्टा करतेय, असंच त्याला पहिली चार वाक्यं खरोखर वाटू द्या. नटीला माईकपासून लांब, त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसवा. मागच्या रांगेला ऐकू जाईल की नाही, ती काळजी ध्वनीवाल्याची.