एका कांद्यात मावलेलं गाव : बांबेर्गचा ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. पत्रिकेत आजचा विषय ‘जर्मनीतील एका वारसानगरीची खाद्यसंस्कृती’ असा छापलाय. मी कळवलेल्या शीर्षकात खाणं आणि पिणं दोन्ही होतं. त्यातलं पिणं छपाईला जाईपर्यंत आटलं. हरकत नाही. पण बांबेर्गमधून बिअर वगळली तर ताटातली निम्मी चव जाते आणि गावाचा निम्मा नकाशाही जातो. त्यामुळे छापील शीर्षकाची मर्यादा मी काही पाळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

जर्मनीतला शरद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट येतो. 1810 साली युवराज लुडविगच्या लग्नानिमित्त सुरू झालेला तो सोहळा, ते प्रचंड तंबू, लिटरभराचे मग. तुम्ही ते व्हिडिओत पाहिलंय, मी त्यावर वेळ घालवत नाही. आपल्याला जायचंय ते म्युनिकच्या उत्तरेला दोनशेहून अधिक किलोमीटरवर, रेग्निट्झ नदीकाठच्या बांबेर्गला. न्यूरेंबर्गहून रेल्वेनं तासाभराच्या आत पोहोचता. वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. एक सूचना मात्र गाडीतून उतरायच्या आधीच देतो : इथल्या माणसाला ‘बव्हेरियन’ म्हणू नका. तो फ्रांकोनियन, म्हणजे बव्हेरियाच्या उत्तरेकडच्या फ्रांकोनिया प्रांतातला. बव्हेरियात हे गाव आलं ते 1802-03 च्या सुमारास, म्हणजे त्यांच्या हिशेबानं अगदी परवा.

1993 साली युनेस्कोनं या जुन्या गावाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. दिली ती तीन वस्त्यांना मिळून. पहिली टेकड्यांवरची, बिशपची. सम्राट दुसऱ्या हाइनरिशनं 1007 मध्ये इथे बिशपची गादी स्थापन केली. चार मनोऱ्यांचं कॅथिड्रल तिथंच आहे. दुसरी नदीच्या दोन फाट्यांमधल्या बेटावरची, व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची. या दोघांच्या मधोमध, चक्क नदीत, पुलावर, जुनं नगरभवन उभं आहे. बिशपनं जागा दिली नाही म्हणून नागरिकांनी पाण्यातच इमारत उठवली, अशी दंतकथा सांगतात. आणि तिसरी वस्ती पलीकडच्या तीरावरची, माळ्यांची. पर्यटक पहिल्या दोन पाहतात, फोटो काढतात आणि परततात. तिसरीकडे फारसं कुणी फिरकत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की या तिन्ही वस्त्या समजून घ्यायच्या तर ऑक्टोबरात तिथं जेवायला बसावं. गाव असं का वसलंय, याची उत्तरं ताटात आणि ग्लासात मिळतात.

टेकडीपासून सुरुवात करू. तिथे बिअर मुरवण्यासाठी वाळूच्या दगडात लांबच लांब बोगदे खोदले गेले. तळाशी बसणाऱ्या यीस्टची बिअर थंडीतच नीट आंबते, आणि मग आठवडेच्या आठवडे गार जागी मुरावी लागते. कार्ल फॉन लिंडेची शीतयंत्रं 1870 च्या दशकात आली. त्याआधी थंडी मिळायची ती हिवाळ्यात आणि डोंगराच्या पोटात. उन्हाळ्यात केलेली बिअर नासायची. शेजारच्या बव्हेरियात तर 1553 मध्ये हुकूमच निघाला की 29 सप्टेंबर ते 23 एप्रिल एवढ्याच काळात बिअर करायची. मार्चमध्ये जरा कडक बिअर करून ठेवायची आणि ती उन्हाळाभर पुरवायची. तिचं नावही मार्चवरूनच, ‘मेर्त्सन’. त्यामुळे शरद म्हणजे जुनी पिंपं रिकामी व्हायची आणि नवी भट्टी पेटायची वेळ. सुगीही तेव्हाच संपलेली.

बोगद्यांवर ऊन पडू नये म्हणून वर चेस्टनटची झाडं लावली. दाट सावली, आणि मुळं फार खोल जात नाहीत. मग झाडांखाली बाकं आली. लोक टेकडी चढून जातात आणि तळघराच्या डोक्यावर बसून पितात. श्टेफान्सबर्ग टेकडीवरच्या बागेत बसलात तर समोर कॅथिड्रलचे चारही मनोरे दिसतात. ऑक्टोबरात तिथं बसायचं तर जॅकेट हवंच, आणि डोक्यावर थोडं लक्ष : पिकलेले चेस्टनट टेबलावर टपकतात, पत्र्यावर पडले तर गोळी सुटल्यासारखा आवाज येतो. एकदोन लख्ख दिवस मिळाले तर नशीब. पावसाची झड लागली की बागा बंद, आणि सगळं गाव खाली, आत.

आता धुराकडे वळू. बांबेर्गची ख्याती धुराच्या बिअरची, ‘राउखबिअर’ची. जव भिजवायचे, मोड आणायचे आणि मग वाळवायचे. यालाच माल्ट म्हणतात. एकेकाळी हे वाळवणं उघड्या जाळावर व्हायचं, त्यामुळे धुराचा वास कमी-अधिक सगळ्याच बिअरना असायचा. पुढे धूर दाण्याला न लागता नुसती गरम हवा देणाऱ्या भट्ट्या आल्या. स्वस्त, स्वच्छ, सोयीच्या. जगानं धूर सोडला. बांबेर्गमध्ये दोन घरांनी सोडला नाही : 1405 पासूनचा उल्लेख सापडतो ते ‘श्लेंकेर्ला’ आणि 1536 पासूनचं ‘श्पेत्सिआल’. दोघंही आजसुद्धा स्वतःच्या भट्टीत, बीच झाडाच्या लाकडांवर माल्ट धुरवतात. यात वारसा जपण्याचा आव किती होता, मला शंकाच आहे. गिऱ्हाइकाला तीच चव हवी होती, भट्टी चालू होती, मग कशाला बदला? जुन्या गोष्टी टिकतात त्या बहुधा अशाच.

श्लेंकेर्ला डोमिनिकानर रस्त्यावर, कॅथिड्रलच्या पायथ्याशी आहे. काळपट लाकडी तुळया, ठेंगणं छत, अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसायचं. लाकडी पिंपातून बिअर थेट ग्लासात उतरते, पंप नाही, गॅस नाही. रंग जवळजवळ काळा, उजेडात धरला तर तांबूस. अर्ध्या लिटरला इथे ‘झायडला’ म्हणतात. पहिला घोट घेतलात की अंगणात जाळावर वांगं भाजतानाचा वास नाकात शिरतो. जर्मन माणसाला त्यात धुरवलेलं हॅम आठवतं. कित्येक पाहुणे इथंच ग्लास बाजूला सरकवतात. सरकवू नका. पहिल्या ग्लासात जीभ धुराशी भांडते, दुसऱ्यात धूर मागे हटतो आणि माल्टचा गोडवा पुढे येतो. आणखी एक गंमत : याच घराची एक फिक्या रंगाची बिअर आहे, तिच्यात धुरवलेलं माल्ट नसतंच. तरी तिला पुसटसा धूर लागतो, कारण यीस्ट आणि भांडी तीच.

आपल्यातल्या शाकाहारी मंडळींनी नाक मुरडू नये. वास हॅमचा असला तरी आत पाणी, जव, हॉप्स (कडवटपणा आणणारी वेलीची फुलं) आणि यीस्ट यांपलीकडे काही नाही. या शुद्धतेचा बांबेर्गकरांना केवढा अभिमान! बव्हेरियाचा प्रसिद्ध शुद्धता-नियम 1516 चा. बांबेर्गच्या बिशपनं तशाच अर्थाचा हुकूम 1489 मध्येच काढला होता. हे ते तुम्हाला न विचारता सांगतील, आणि सांगताना ‘बव्हेरिया’ हा शब्द जरा ओठ मुडपून उच्चारतील.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात गावात बॉक, म्हणजे नेहमीपेक्षा कडक अशा हंगामी बिअरची पिंपं उघडतात. प्रत्येक ब्रुअरीचा दिवस ठरलेला, एकामागून एक. श्लेंकेर्लाची नेहमीची मेर्त्सन 5.1 टक्के अल्कोहोलची, तर शरदातली ‘उरबॉक’ 6.5 टक्क्यांची. त्या संध्याकाळी जागा मिळत नाही. लोक रस्त्यावर ग्लास घेऊन उभे असतात. यात आजोबा असतात, कॉलेजची पोरं असतात आणि ऑफिसातून तडक आलेले टायवालेही. (जर्मन तत्त्वज्ञ हेगेल 1807-08 मध्ये इथं एका वृत्तपत्राचा संपादक होता. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना बांबेर्गला जायला कारण लागत असेल तर हे घ्या.)

आता नदी ओलांडून माळ्यांच्या वस्तीत या. ठेंगणी घरं, बैलगाडी जाईल एवढे दरवाजे, आणि दरवाजामागे अरुंद, लांबलचक वाफे. शहराच्या ऐन मध्यात शेती! कित्येक शतकं इथून ज्येष्ठमध आणि भाजीचं बियाणं दूरदूर जायचं. आणि कांदा. बांबेर्गचा कांदा पेअरच्या आकाराचा, लांबोळका, चवीला सौम्य. पात वाढायची थांबून सगळा जोर कांद्यात उतरावा म्हणून माळी पायांना फळ्या बांधून वाफ्यांतून फिरत आणि पात तुडवत. त्यावरून अख्ख्या गावाला ‘कांदे तुडवणारे’ हे टोपणनाव पडलंय. माळ्यांची घरं आता थोडी उरलीत, हा लांबोळका कांदाही कमी पिकतो, पण बियाणं राखणारे आहेत.

आणि इथेच ते ताट येतं, ज्यासाठी मी एवढं दळण दळलं. भरला कांदा. मोठा कांदा वरून कापायचा, आतून कोरायचा, कोरलेला गर बारीक चिरून डुकराच्या खिम्यात मिसळायचा, मसाला घालून परत भरायचा आणि भट्टीत भाजायचा. वर खरपूस बेकनची पट्टी, खाली कुस्करलेला बटाटा, आणि भोवती धुराच्या बिअरचा सॉस. काट्यानं दाबलं की कांद्याचे पापुद्रे सुटून सॉसमध्ये पसरतात. कडा करपून गोड झालेल्या असतात. आता पाहा : कांदा माळ्यांच्या वस्तीतला, बिअर टेकडीवर मुरलेली, आणि रांधणारी खाणावळ मधल्या गावातली. युनेस्कोच्या तिन्ही वस्त्या एका थाळीत. याहून नेमका नकाशा पर्यटन कार्यालयात मिळणार नाही.

माशांबद्दल दोन शब्द, कारण कोकणातली मंडळी समोर बसलीयत. बांबेर्ग आणि न्यूरेंबर्गच्या मधल्या आइशग्रुंड खोऱ्यात तळीच तळी आहेत. त्यांत कार्प पोसतात. आपल्याकडे तलाव-धरणांत ‘सायप्रिनस’ म्हणून मिळतो तोच. ज्या महिन्यांच्या नावात ‘र’ आहे त्याच महिन्यांत, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल, तो खायचा असा दंडक. शरदात तळी उपसतात, मासा स्वच्छ पाण्यात ठेवून चिखलाचा वास घालवतात, मग डोक्यासकट उभा दोन फाकांत चिरून, पिठात घोळवून चांगला कडक तळतात. बऱ्याच ठिकाणी चक्क तुपात! ताटाबाहेर वाकलेली ती अर्धी फाक पाहून बिचकू नका. पर मोडून खा, कुरकुरीत लागतात. काटे मात्र पापलेटवाल्यांना रडवतील.

मघाशी कुणीतरी विचारलं, शाकाहाऱ्यानं काय खायचं? बटाट्याचा लाडवाएवढा गोळा मिळतो, ‘क्लोस’. तो मागवा, पण त्यावरचा सॉस मांसाचा असतो, तेव्हा बजावून सांगा. रानातल्या अळंब्यांचा क्रीममधला सॉस घेतलात तर उत्तम, शरद हाच त्यांचा हंगाम. लोणी, कांदा आणि पाप्रिका घालून कालवलेलं चीज काळ्या पावाबरोबर घ्या, बिअरला तोड नाही. कांद्याचा केक दिसला तर मोहात पडण्याआधी विचारा. आत बहुधा बेकनचे तुकडे असतात. त्या केकबरोबर ‘फेडरवायसर’ पितात, अर्धवट आंबलेली, गढूळ, गोडसर नवी वाईन. बाटलीत ती आंबतच असते, म्हणून बूच सैल ठेवतात. पिशवीत आडवी घालून ट्रेनमध्ये बसलात तर शेजाऱ्याच्या विजारीची धुलाई तुमच्या खर्चानं.

आणि बॉकच्या संध्याकाळी पहिल्यांदाच जाणार असाल तर आधी जेवा. प्रत्येक ग्लासागणिक वेटर तुमच्या बिअरमॅटवर, म्हणजे ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर, पेन्सिलीनं रेघ ओढतो. दोन रेघा झाल्या की पैसे चुकते करून उठा. बाहेरचे रस्ते गोट्यांचे आहेत, पावसानं निसरडे झालेले असतात, आणि तुमचं हॉटेल टेकडीवर असेल तर चढण अजून बाकी आहे.