बियाण्याचं धान्य

(बर्लिनमधल्या मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित)

नमस्कार मंडळी,

आपल्यातले बरेचजण शनिवारच्या बाजाराला कोलवित्सप्लात्सला जातात. तिथे एका बसलेल्या बाईचा मोठा ब्राँझचा पुतळा आहे. मुलं तिच्या मांडीवर चढतात, खांद्याला लोंबकळतात. माझी लेकही तिच्याच मांडीवर खेळली. ती बाई म्हणजे जर्मन चित्रकार आणि शिल्पकार केटे कोलवित्स.

१८६७ साली क्योनिग्सबेर्गमध्ये तिचा जन्म झाला. शिकली ती चित्रकला, पण रंग लवकरच बाजूला ठेवून तिनं छापचित्रं धरली : एचिंग (धातूच्या पत्र्यावरून), लिथोग्राफ (दगडावरून) आणि पुढे वुडकट (लाकडी ठोकळ्यावरून). शिल्पं मागाहून आली. नवरा कार्ल डॉक्टर होता. याच भागात त्याचा दवाखाना होता आणि तिथे येणाऱ्या कामकरी बायका, त्यांची उपाशी पोरं तिच्या चित्रांत उतरली. सायलेशियातल्या विणकरांच्या उठावावरची तिची सहा चित्रं १८९८ मध्ये गाजली. सुवर्णपदकाची शिफारस झाली, ती कैसरनं, म्हणजे जर्मन सम्राटानं, फेटाळली. १९१९ मध्ये प्रशियाच्या कला अकादमीनं तिला सदस्य केलं. १९३३ मध्ये नाझींनी तिला तिथून बाहेर काढलं.

पण मला बोलायचं आहे ते १९१४ बद्दल, पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या वर्षाबद्दल. तिचा धाकटा मुलगा पेटर १८ वर्षांचा होता. सैन्यात जायला त्याला वडिलांची परवानगी हवी होती. कार्ल तयार नव्हता. त्याचं मन वळवलं ते केटेनं. ऑक्टोबरमध्ये पेटर बेल्जियममध्ये मारला गेला.

तिच्या चित्रांतल्या करुणेबद्दल खूप बोललं जातं. मला मात्र करुणेपेक्षा हे मोठं वाटतं, की दोष दुसऱ्यावर टाकून ती मोकळी झाली नाही. त्याच वर्षी तिनं पेटरच्या स्मारकाचं काम हाती घेतलं. पहिल्या कल्पनेत मधे पेटरचा देह होता, उशाशी बाप आणि पायाशी आई. ते जमेना. मधे काही वर्षं काम बंदच पडलं. शेवटी तिनं मुलालाच काढून टाकलं आणि फक्त आईबाप ठेवले. १९३२ मध्ये ग्रॅनाइटचे ते दोन पुतळे बेल्जियमच्या दफनभूमीत उभे राहिले. म्हणजे १८ वर्षं लागली, पेटरच्या वयाएवढीच.

आज ते बेल्जियममधल्याच व्लाड्स्लो इथल्या दफनभूमीत आहेत, २५ हजारांहून अधिक जर्मन सैनिकांच्या कबरींसमोर. दोघंही गुडघ्यांवर आहेत. बाप ताठ, स्वतःच्याच हातांनी स्वतःला आवळून धरलेला. आई पार वाकलेली. दोघांचे चौथरे वेगवेगळे, मधे मोकळी जागा. एकाचा हात दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. घरात मूल गेलं की नवराबायको कसे वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ती मधली जागा लगेच कळेल.

१९१८ च्या अखेरीस एका कवीनं युद्धासाठी आणखी स्वयंसेवक मागितले, तेव्हा तिनं वर्तमानपत्रातून जाहीर उत्तर दिलं. त्यात गोएथेचे शब्द होते : बियाण्याचं धान्य दळू नये. आपल्याकडे कितीही दुष्काळ पडला तरी बियाण्याच्या कणगीला हात लावत नसत, त्यामुळे हे वाक्य आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. १९४२ च्या सुमारास, पंचाहत्तरीला टेकलेली असताना, तिनं त्याच नावाचा लिथोग्राफ केला. त्यात एक आई तीन पोरांना आपल्या हातांखाली झाकून धरते आहे. पोरं खालून डोकावतायत, त्यांना बाहेर पडायचंय. तिचे हात मात्र जाडजूड आहेत, छप्परासारखे. त्याच वर्षी तिचा नातू रशियात मारला गेला. त्याचंही नाव पेटर होतं.

उंटर डेन लिंडेन रस्त्यावरच्या नॉये वाखे या स्मारकात तिनं केलेली ‘आई आणि मृत मुलगा’ ही मूर्ती तुम्ही पाहिली असेल. मूळ मूर्ती जेमतेम ३८ सेंटीमीटर उंच आहे, १९९३ मध्ये ती मोठी करून तिथे बसवली. इतकी मोठी करायला नको होती असं मला वाटतं. ती जवळ जाऊन, वाकून बघायची गोष्ट आहे. तरी छताला वरून गोल उघडं ठेवलंय ते बरं केलं. पाऊस, बर्फ थेट तिच्या डोक्यावर पडतो. या हिवाळ्यात बर्फ पडेल त्या दिवशी मुलांना घेऊन तिथे जा. कोलवित्सप्लात्सवर ज्या मांडीवर ती खेळतात, त्याच बाईनं ही मूर्ती केली आहे, हे त्यांना तिथेच सांगा.